इच्छा अठ्ठ्याऐंशी, दाब चौसष्ट

खुर्ची दातांच्या दवाखान्यात असते तशीच होती. पाठीला मऊ गादी, हातांखाली दोन थंड पट्ट्या आणि कपाळापर्यंत खाली येणारी एक पांढरी कमान. घाबरावं असं तिच्यात काही नव्हतं. तरी काजल जमदाडेनं तळवे दोनदा ओढणीला पुसले होते आणि ते पुन्हा ओले झाले होते.

"असू दे, सगळ्यांनाच घाम येतो," समोर बसलेली समुपदेशक म्हणाली. ईशानी केळकर तिचं नाव. पुण्याची, तिशीच्या अलीकडची, आवाजानं गोड. "आता मी सांगेन ती वाक्यं मोठ्यानं म्हणायची. मग घरातल्या माणसांची नावं घ्यायची, एकेक, पूर्ण नाव. मधे मी काही बोलणार नाही, तुम्हीही थांबायचं नाही. जमेल?"

"जमंल की," काजल म्हणाली.

न जमून सांगते कुणाला? लग्नाला चौदा वर्षं झाली होती. दोन्ही नळ्या बंद आहेत हे कळून नऊ. सरकारी योजनेतून तिच्या पोटातली बीजं काढून, बाहेर काचेच्या थाळीत नवऱ्याच्या बीजाशी त्यांची गाठ घालून, तीन गर्भ तयार झाले होते. पहिला पोटात सोडला, तो अकराव्या दिवशी गेला. दुसरा रुजला, दोन महिने राहिला, आणि एका दुपारी तोही गेला. आता तिसरा, शेवटचा, या सरकारी केंद्राच्या तळघरात उणे एकशे शहाण्णव अंशांवर गोठून होता. बाईला अडतीस पूर्ण झाली की योजनेचं दार बंद व्हायचं, आणि काजलला त्याला सात महिने उरले होते. ते दार उघडणारी ही खुर्ची.

खुर्ची आली कुठून, तेही सांगायला हवं. पंधरा वर्षांपूर्वी टेस्ट ट्यूबचे उपचार सरकारनं फुकट केले आणि घरोघरी लोकांना चेव आला. फुकट आहे ना, मग कर. बाईला विचारतो कोण? इंजेक्शनांनी सुजलेलं पोट घेऊन सुना पाच-पाच, सात-सात वेळा टेबलावर निजल्या. एक पोर आठव्या खेपेला तिथंच गेली. तेव्हा कुठं मोर्चे निघाले, विधानसभेत आरडाओरडा झाला आणि कायदा आला. बाईचा होकार तिचा स्वतःचा आहे हे सिद्ध झाल्याशिवाय गर्भ पोटात सोडायचा नाही. कायदा चांगला होता, त्याला नावं ठेवायला जागा नाही. पण होकार कुणाचा, हे ओळखायचं कसं? नवरा दाराबाहेर येरझाऱ्या घालत असताना बाईला विचारलं, तर ती 'माझाच' म्हणणार. दुसरं काय म्हणेल बिचारी?

म्हणून यंत्र आलं. माणसाला एखादी गोष्ट मनापासून हवी असते तेव्हा मेंदूत एका ठरावीक जागी रक्त जास्त धावतं आणि धाक असतो तेव्हा दुसऱ्याच जागी. कमानीतला अवरक्त प्रकाश कपाळातून आत जातो, थोडा रक्तात मुरतो, उरलेला परत येतो. त्यावरून रक्त कुठं किती आहे ते कळतं. त्याला डोळ्यांच्या बाहुल्या, नाडी, तळव्यांचा घाम आणि आवाजातला कंप जोडला, की तोंड एक बोलतंय आणि अंग दुसरंच, हे पकडता येतं. देशोदेशीच्या मोठ्या शहरांतल्या हजारो बायका तपासून यंत्राला हे शिकवलं होतं. शेवटी दोन आकडे यायचे, शंभरपैकी. एक इच्छेचा, दुसरा दाबाचा. दाब तीसच्या वर गेला की परवानगी नाही, आणि तो कुणाचा हेही यंत्र नावानिशी सांगायचं. सरकारी कागदावर त्याला स्वेच्छामापक म्हणत. बायका नुसतं खुर्ची म्हणत. अमकी खुर्चीत पास झाली, तमकीला खुर्चीनं पाडलं.

काजलची वाक्यं नीट पार पडली. 'मला मूल हवं आहे' हेही ती न थांबता म्हणाली. मग नावं आली.

"धैर्यशील मारुती जमदाडे," ती म्हणाली. हा नवरा. समोरासमोर त्याला ती अहो म्हणायची, पण बँकेत, दवाखान्यात, गॅसवाल्याला त्याचं नाव शंभरदा सांगून झालेलं. "मेघा अनिल खोत." ही नणंद, अथणीला दिलेली.

आता एकच नाव उरलं आणि काजलची जीभ टाळूला चिकटली. चौदा वर्षांत ते नाव तिच्या तोंडून एकदाही बाहेर पडलं नव्हतं. रेशनच्या यादीवर, केसपेपरवर, आधारच्या अर्जावर तिनं ते लिहून दिलं होतं. पण तोंडानं? सासूला तिच्या भागात आत्ती म्हणतात, आणि आत्तीचं नाव घेतलं की आत्तीचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या माहेरच्या आजीनं तिला लहानपणी सांगितलं होतं. बारावी शिकलेली काजल असल्या गोष्टी मानत नव्हती. तरी घ्यायचं नाही ते घ्यायचं नाही.

"शालन," ती म्हणाली. "शालन मारुती जमदाडे."

तिचे कान तापले आणि छाती धडधडली. मोठ्या माणसाला पाय लागावा तशी ती शरमली. ईशानीनं काही विचारलं नाही, कारण मधे बोलायचं नाही असा नियम होता.

दोन मिनिटांनी आकडे आले. इच्छा अठ्ठ्याऐंशी, दाब चौसष्ट. खाली एक ओळ होती: दाबाचा स्रोत, शालन मारुती जमदाडे, नातं सासू.

"आत्ती?" काजलला खरंच कळेना. "न्हाई हो मॅडम. काय तरी चुकलंय."

ईशानीला नवल वाटलं नव्हतं. खेड्यांतून येणाऱ्या दहातल्या सात बायकांच्या कागदावर 'सासू' हाच शब्द यायचा. सासू म्हटल्यावर शंका कुणाला येणार? "काजलताई, इथं तुम्हाला कुणाला घाबरायचं कारण नाही," ती म्हणाली. "त्या बाहेर बसल्यात का?"

"न्हाईत. त्या रोपवाटिकेत हायत. माझ्या वाटणीचं काम आज त्याच करत्यात."

ईशानीनं मान हलवली, तेही लिहून घेतलं, आणि नियम समजावून सांगितला. नव्वद दिवसांचं अंतर. त्या बाईबरोबर एका छपराखाली राहायचं नाही, भेट नाही, फोन नाही. नवऱ्यानंही आईशी बोलायचं नाही, कारण निरोप त्याच वाटेनं जातात. फोनची नोंद तपासली जाते. एक दिवस मोडला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मग फेरचाचणी. काजलनं त्या कागदावर सही केली. न करून तिसऱ्याचं काय करायचं होतं?

तासगावच्या पुढं मणेवाडीत जमदाडेंची द्राक्षांच्या रोपांची वाटिका होती. जंगली खुंटावर चांगल्या द्राक्षाची काडी बसवून कलमं करायची आणि बागायतदारांना द्यायची. आत्ती काडीला पाचर काढायच्या, खुंट चिरायच्या आणि काडी आत बसवायच्या. काजल वरून पट्टी बांधायची. दोघींचा हात एवढा बसलेला, की दिवसाला सातशे कलमं व्हायची आणि त्यातली सहाशे ऐंशी धरायची. गावातले लोक म्हणायचे, जमदाडणींचं कलम वाया जात नाही. त्यावर भावकीतल्या बायका एकमेकींकडं बघायच्या, ते वेगळंच.

पहिला गर्भ गेला त्या वर्षी भावकीत एका डोहाळजेवणाला ओटीचं ताट फिरत काजलपाशी आलं आणि तिला वगळून पुढं गेलं. आत्ती उठल्या, ताट धरणाऱ्या बाईच्या हातातून ते काढून घेतलं, पहिली ओटी काजलची भरली आणि मगच ताट परत दिलं. कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत. दुसरा गेला तेव्हा काजलच म्हणाली, आता मला नाही जमायचं. आत्ती म्हणाल्या, "नको तर नको. नातवापायी सून मारायची न्हाई मला." मग महिनाभर त्या तिच्याशेजारी अंथरूण घालून निजल्या, डोक्याला तेल लावलं, तिला रडायचं असेल तेव्हा रडू दिलं. आणि त्या महिन्याच्या शेवटी, पाठीवरून पाणी घालून घेता घेता, काजल आपणहून म्हणाली, "आत्ती, अजून एक हाय न्हवं तिथं. बघू या काय?"

"तुझं पोट, तुझा जीव. तू ठरव," आत्ती म्हणाल्या. "मी हाय."

असल्या बाईचं नाव यंत्रानं काढलं होतं.

"काय म्हणलं मशीन?" जेवायला बसल्यावर आत्तींनी विचारलं. धैर्यशील भाकरी मोडत राहिला. "आरं धैर्या, पडली तर पडली. सांग की."

धैर्यशीलला खोटं बोलता येत नसे. त्यानं कागद वाचून दाखवला. नावापाशी अडखळला, पण वाचलं.

आत्तींचा घास हातातच राहिला. "माझा दाब?"

"आवं, यंत्र हाय ते. काय बी सांगतंय," काजल म्हणाली.

"यंत्राचं म्या काय घोडं मारलंय, ते उगंच माझं नाव घ्यायला?" आत्तींनी घास ताटात ठेवला. जरा वेळानं त्या खालच्या आवाजात बोलू लागल्या. "बारशाला गेलतो बघ आपण, माळ्याच्या नातवाच्या. म्या पाळण्याची दोरी धरली आन डोळ्यांला पाणी आलं माझ्या. तू बघितलंस. मला ठावं हाय तू बघितलंस ते."

"आत्ती, मी तसलं काय मनात आणलं न्हाई."

"तोंडानं तुला कधी बोलले न्हाई मी. पर मनात हुतंच की गं. तुला कळत असंल. रोज टोचत असंल आन तू बोलली न्हाईस." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मला कसं कळलं न्हाई, म्हणते मी. एवढी जवळ असून."

काजलनं किती शपथा घातल्या. पण आत्तींचा काजलवर जेवढा विश्वास, तेवढाच सरकारी कागदावर. आणि सून चांगली आहे, ती सासूला वाईट कशी म्हणेल, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली पिशवी आपणच भरली. "तीन महिनं तर हायत. लेकीकडं राह्यची हौस फिटंल," म्हणाल्या. एसटीत चढताना काजल पाया पडायला वाकली, तर तिला वाकू दिलं नाही. नुसती तिच्या गालावरून बोटं फिरवली आणि कानशिलावर मोडली.

ऑगस्ट आला, कलमांचे दिवस आले. धैर्यशीलनं सावळजहून एक पाचर काढणारा माणूस आणला. हात चांगला होता त्याचा, पण काजलची पट्टी त्याच्या काडीवर नीट बसेना. दिवसाला चारशेही होईनात. काजल दर खेपेला एक कलम बांधून झालं की न बघता डावीकडं हात पुढं करायची, काडी बसवलेल्या पुढच्या खुंटासाठी, आणि तिथं आत्ती नसायच्या.

महिन्यानं केंद्रात आढाव्याला बोलावलं. ईशानीनं चहा दिला आणि विचारलं, "कसं वाटतंय आता? मोकळं वाटतंय का?"

"घर खायला उठतंय," काजल म्हणाली. मग जरा विचार करून तिनं विचारलं, "मॅडम, तुमी कधी कलम बांधताना बघितलंय?"

"नाही."

"काडी खुंटात बसवली की वरनं पट्टी बांधायची. आवळून. सैल ऱ्हायली तर वारा लागतोय, जोड सुकतोय, काडी मरती. आवळली तरच दोन्हीची साल एक होती. आता ते आवळणं म्हणजे काय काडीला तरास देणं हाय का?"

ईशानीनं मन लावून ऐकलं. ती काही वाईट पोरगी नव्हती. रोज सात-आठ बायकांचं रडणं ऐकायची, घरी जाऊन जेवण जायचं नाही तिला. पण तिच्यासमोर एक तक्ता होता आणि त्यात एक जागा रिकामी होती. तिनं तिथं लिहिलं, 'लाभार्थी दबावाचं समर्थन करते. अंतर पूर्ण नव्वद दिवस आवश्यक.'

त्र्याहत्तराव्या दिवशी सकाळी मेघाचा फोन धैर्यशीलला आला. नियम मोडून फोन का केलास, असं तो तिला विचारणार होता. तिनं त्याला विचारू दिलं नाही. आई पहाटे गेली, एवढंच ती म्हणाली.

अथणीला पोचेपर्यंत बारा वाजले. ओसरीत आत्तींना निजवलं होतं. काजल त्यांच्या उशाशी बसली आणि त्यांचा हात हातात घेतला. भेटायला आता कुणाची हरकत नव्हती. तिला वाटलं होतं आपण ओरडून रडू, पण तिला रडूच येईना. ती नुसती त्या हाताची बोटं चाचपत राहिली. अंगठ्याला चाकूचा घट्टा होता.

"पंधरा दिवस झालं, छातीत दुखतंय म्हणत हुती," मेघा रडत सांगू लागली. "डावा हात भरून यायचा. दोन पायऱ्या चढली की बसायची. चल दवाखान्यात, म्हणून किती मागं लागले वैनी. ऐकंल तर शपथ. म्हणायची, ॲडमिट केलं की धैर्याला कळणार. धैर्या आला की काजल आल्याबिगर ऱ्हाणार न्हाई. दिवस मोडतील तिचं. नव्वद हू देत, मग जाऊ निवांत." मेघानं नाक पुसलं. "रोज सकाळी उठली की इचारायची, कितवा आज?"

तेव्हा काजलला रडू फुटलं. असं की बाहेरची माणसं आत आली.

दिवसकार्य झालं. तेराव्यानंतर चार दिवसांनी केंद्राचा निरोप आला, फेरचाचणीची तारीख देणारा. काजलनं तो वाचून फोन पालथा ठेवला. दुसऱ्या दिवशी धैर्यशील म्हणाला, "जाऊन तर येऊ. नको वाटलं तर तिथंच न्हाई म्हण. मी काय बोलायचो न्हाई." तो बोलला नाही, पण त्या दिवशी त्यानं बऱ्याच दिवसांनी दाढी केली. काजलनं ते पाहिलं आणि ती तयार झाली.

तीच खुर्ची होती आणि त्याच थंड पट्ट्या. ईशानीनं आधी तिचा हात हातात घेतला. "कळलं मला. वाईट झालं," ती म्हणाली. "नवी यादी करायचीय. मयत व्यक्तीचं नाव वगळायला लागतं. नोंदीसाठी तुम्हीच एकदा पूर्ण नाव सांगा, मग आपण चाचणी सुरू करू."

कमान कपाळाशी आली होती आणि यंत्र चालू होतं. काजलनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिचे कान लाल झाले.

"शालन मारुती जमदाडे," ती म्हणाली, आणि ओठांवर हात ठेवला.

ईशानी पडद्याकडं बघत राहिली. दाब सहासष्ट. बाई मरून वीस दिवस झाले होते. मेलेलं माणूस कुणावर दाब टाकतं? पहिल्यांदाच तिनं नियम मोडून मधे विचारलं, "आत्ता काय झालं तुम्हाला?"

"काय न्हाई."

"सांगा ना. मला कळायला पाहिजे. भीती वाटली?"

"भीती कसली? नाव घेतलं." काजलला ओशाळल्यासारखं झालं. "सवय न्हाई. मागल्या वेळंला घेतलं, त्येच्या आधी जल्मात घेतलं नव्हतं. सासूचं नाव कोण घेतं मॅडम? आजी म्हणायची, घेतलं की आयुष्य कमी हुतंय. म्या इथं बसून घेतलं आन बघा, त्र्याहत्तर दिवसांत गेल्या त्या."

ईशानीच्या सासूचं नाव सुनेत्रा. ईशानी तिला सुनेत्राच म्हणायची, पहिल्या दिवसापासून. ज्या शहरांतल्या बायकांवर यंत्र शिकवलं होतं, त्याही तसंच म्हणत असणार. दहातल्या सात बायका, तिला आठवलं. त्या सगळ्यांच्या कागदांवर तिचीच सही होती.

"तुम्ही त्यांना काय हाक मारायचात?" तिनं विचारलं.

"आत्ती."

"म्हणा. पुन्हा म्हणा."

"आत्ती," काजल म्हणाली. "आत्ती."

पडद्यावरची रेघ खाली येत येत तळाला टेकली. दाब सहा. श्वास संथ झाला होता, बाहुल्या निवल्या होत्या. ईशानीनं चार वर्षांत या खुर्चीत एवढं शांत झालेलं अंग पाहिलं नव्हतं. वाक्यं आणि उरलेली नावं तिनं काजलकडून म्हणवून घेतली, आकडे पाहिले, आणि मग ती उठून खिडकीपाशी गेली आणि काजलकडं पाठ करून उभी राहिली.

"चूक झाली आमची," ती शेवटी म्हणाली. तिनं काही लपवलं नाही, सगळं नीट सांगितलं. यंत्रानं लाजेला धाक समजला. त्यांचा तुमच्यावर कसलाही दाब नव्हता, पहिल्या दिवशीही नव्हता. "मी हे लेखी कळवणार आहे, आजच. पण काजलताई, आता सगळं मोकळं आहे. तुमची इच्छा आज एक्याण्णव आहे आणि दाब सहा. परवानगी मिळाली. याच महिन्यात सोडता येईल गर्भ."

काजलला पहिला अर्धा भागच ऐकू आला होता. "म्हंजे त्यांना जायाची गरजच नव्हती," ती म्हणाली.

"नाही."

"घरीच असत्या तर मी हाताला धरून नेलं असतं दवाखान्यात."

काजल कमानीखालून बाहेर आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

"माणसाला मारलं तुमी, मॅडम. आन त्या गेल्या कशा, माहीत हाय? आपुनच सुनंला छळलं, असं समजून गेल्या. मी शपथा घालत हुते, पर कागद तुमचा हुता. सही माझीबी हाय त्याच्यावर. मी मारलं, तुमी मारलं, आता काय फरक पडतोय." ती ओरडून बोलत नव्हती. "तिसरा नको मला."

"रागात ठरवू नका. इच्छा एक्याण्णव आहे तुमची. एवढी मी कुणाचीच पाहिलेली नाही."

"इच्छा हाय की. मरस्तोवर ऱ्हाईल. यंत्र त्येवढं खरं बोललंय." काजलनं ओढणीनं तोंड पुसलं. "पर इच्छा येगळी आन बळ येगळं. सुया टोचून घेणं सोपं असतंय. चौदा दिवस वाट बघायची, तेबी जमतंय. पर गेलं तर? दोनदा गेलंय माझं. गेल्यावर बाई जमिनीला लागती. मला तिथनं उचलून उभं करणारं माणूस एकच हुतं. त्या मागं हुत्या म्हणून मी दोनदा पडून तिसऱ्यांदा इथं आले."

"मी येईन तुमच्याबरोबर. प्रत्येक वेळी. घरी येईन," ईशानी म्हणाली, आणि ते ती मनापासून म्हणत होती.

काजलला तिची दया आली. "तुमी किती जणींच्या घरी जाल, पोरी?" ती म्हणाली. "द्या कागद."

नकाराचा कागद वेगळा होता. गर्भ पुढं ठेवायचा नाही, असं त्यावर छापलेलं होतं आणि खाली सहीची जागा. काजलनं तो दोनदा वाचला. 'पुढं ठेवायचा नाही' या शब्दांवर बोट ठेवलं. मग सही केली.

दाराबाहेर पुढच्या नंबरची पोर उभी होती, चोवीस-पंचवीसची, आणि तिची पिशवी धरून तिची सासू. काजल त्यांना ओलांडून गेली आणि मागं फिरली. "आत तुला ह्या सासूबाईंचं नाव घ्यायला सांगतील," ती त्या पोरीला म्हणाली. "घेतलंयस का कधी?" पोरगी लाजून हसली आणि मान हलवून नाही म्हणाली. "मग आधी हितंच चार-पाचदा घे. जीभ सैल हू दे. मग आत जा." पोरीनं सासूकडं पाहिलं. सासू म्हणाली, "घे की. मला काय हुतंय त्यानं?"

ते ऐकायला काजल थांबली नाही.

धैर्यशील लांब टोकाच्या बाकावर बसला होता. ती येताना दिसली तसा तो उठला. "पास झालीस?"

"झाले."

"मग कधीची तारीख दिली?"

काजलला त्याचं उत्तर वाटेत जुळवता आलं नव्हतं. तिनं त्याच्या गुळगुळीत दाढीकडं पाहिलं आणि नजर खाली घेतली. "न्हाई म्हणून आले मी," ती म्हणाली. "आत्ती न्हाईत आता."

धैर्यशील पुन्हा बाकावर बसला आणि सरकून त्यानं तिच्यासाठी जागा केली.